स्वप्नघर बरोबर घर

रंगारी सोमवारपासून येणार हे ठरलं, तेव्हा तंतोतंतराव खुर्चीत डोळे मिटून बसले होते. डोळे मिटून बसणं ही आपली विचार करण्याची पद्धत आहे असं त्यांचं म्हणणं. घोरणं हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं.

तंतोतंतराव हे नाव त्यांना ऑफिसनं दिलेलं. वजनमाप खात्यात ते निरीक्षक होते. दुकानोदुकानी जायचं, तराजू तपासायचे, वजनं पारखायची, बरोबर निघाली की शिक्का मारायचा. एखादा दुकानदार म्हणाला, "साहेब, केसभराचा तर फरक आहे," की हे म्हणायचे, "केस असो नाहीतर टक्कल, माप तंतोतंत हवं." खरं सांगायचं तर हा माणूस मुळात तंद्रीतला. काटा स्थिर व्हायची वाट बघता बघता त्यांना तंद्री लागायची आणि काटा थांबल्यावरही ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहायचे. दुकानदारांना ती करडी नजर वाटायची.

ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, मखमलीच्या पेटीत, पितळेची मूळ वजनं असत. रोजच्या वापरातली वजनं त्यांच्याबरहुकूम केलेली. रोजची वजनं झिजोत, पडोत, गटारात जावोत, पेटीतल्या मूळ वजनाच्या अंगावर ओरखडासुद्धा उठत नसे. मूळ ते मूळ आणि प्रत ती प्रत. रावांची या गोष्टीवर जेवढी श्रद्धा होती तेवढी दुसऱ्या कशावरही नव्हती, आणि पुढचं सगळं रामायण त्या श्रद्धेपायी घडलं.

"अहो, डोळे उघडा आणि नीट ऐका," बायको म्हणाली. या बालवाडीत शिकवायच्या. पोरं त्यांना बाई म्हणत, पोरांचे आईबाप बाई म्हणत, अख्खी इमारत बाई म्हणे. चार वर्षांच्या पोराशी बोलतानाचा आणि नवऱ्याशी बोलतानाचा त्यांचा आवाज एकच होता. "भिंगरी शनिवारी येतेय."

भिंगरी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लहानपणी एका जागी टिकत नसे म्हणून भिंगरी. नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, तरी नाव इथेच राहिलं होतं.

"फोनवर काय म्हणाली ठाऊक आहे? 'शनिवारी तुमच्याकडे येते.' तुमच्याकडे! पाहुणी झाली हो ती."

"अगं, बोलण्याच्या ओघात म्हणाली असेल."

"ओघातच खरं ते बाहेर पडतं," बाई म्हणाल्या. "हे बघा, रंग झाला की सगळं सामान पुन्हा जिथल्या तिथे लागलं पाहिजे. बाकीच्या घराचं एक वेळ इकडचं तिकडे झालं तरी चालेल, पण तिची खोली आहे तशीच हवी. दारात पाऊल टाकल्यावर आपली जागा गेली असं तिला वाटता कामा नये. एवढं एकच मागते. मी आजच फोटो काढून ठेवते."

फोटो म्हटल्यावर रावांचे डोळे खाड्कन उघडले. फोटोत पलंग दिसतो; पण तो भिंतीपासून किती अंतरावर आहे, ते दिसतं का? खात्यात कुणी किलोच्या वजनाचा फोटो लावून साखर मोजतं का? "फोटोबिटो काही नको," ते म्हणाले. "मी प्रोग्रॅम करतो."

रावांना जावास्क्रिप्ट ही कॉम्प्युटरची भाषा येत असे. म्हणजे अर्धी येत असे. खात्यानं संध्याकाळचा वर्ग काढला होता, त्यात सुरुवातीला पुष्कळ जण होते. अर्ध्यावर आल्यावर शिकणारे एकटे रावच उरले आणि वर्ग बंद पडला. पण जो अर्धा भाग झाला होता तो त्यांना तंतोतंत येत होता. वस्तू कशी करायची, तिच्या पोटात दुसरी वस्तू कशी ठेवायची, तिला नाव कसं द्यायचं, सगळं पाठ. त्या भाषेत नावं आपल्या लिपीतही देता येतात, याचं त्यांना फार कौतुक होतं.

तो रविवार त्यांनी पोलादी टेप घेऊन घरभर रांगण्यात घालवला. 'घर' नावाची एक वस्तू केली. घराच्या पोटात खोल्या, खोलीच्या पोटात सामान, आणि प्रत्येक सामानाला भिंतीपासूनचं अंतर. पलंग, कपाट, टेबल, पुस्तकं ठेवायचा घोडा, सगळं मोजलं. मोजणाऱ्या माणसाची गंमत अशी, की त्याचं लक्ष आकड्यावर असतं, वस्तूवर नसतं. भिंगरीच्या खोलीत राव चांगला तासभर होते, पण डोळ्यांपुढे होती ती नुसती टेपची पट्टी. संध्याकाळी पडद्यावर घराचे चौकोन उमटले, चौकोनांत सामानाचे चौकोन उमटले, आणि दर थोड्या वेळानं ते आपोआप जपून ठेवायची सोयही झाली.

"छान केलंय हं," बाई म्हणाल्या. राव दोन इंच वाढले.

सामान तळघरातल्या सभागृहात हलवायचं तर इमारतीच्या सचिवांची परवानगी लागे. सचिव म्हणजे समोरच्या दारातले शिट्टीकाका. सगळी हयात वाहतूक पोलिसात गेली. निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नव्हती. जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली तरी ते एकाला थांबवून दुसऱ्याला सोडत.

"अर्ज तीन प्रतींत," काका म्हणाले.

रावांनी तीन प्रतींत दिला. 'शनिवार संध्याकाळपर्यंत' असं त्यात लिहिलं होतं, ते काकांनी मूळ प्रतीवर खोडून 'शनिवार दुपारपर्यंत' केलं, कारण संध्याकाळी तिथे व्यायामाचा वर्ग होता. उरलेल्या दोन प्रतींवर मात्र 'संध्याकाळ' तशीच राहिली. "काका, त्याही दुरुस्त करा की." "मूळ बदललं म्हणून प्रत आपोआप बदलते होय? नवीन अर्ज आणा." रावांना या उत्तराचा राग आला नाही. उलट बरं वाटलं, कारण जगाची घडी अशीच असते हे त्यांना ठाऊक होतं.

सोमवारी घर रिकामं झालं. रिकाम्या घरात एक वेगळीच हवा असते. बोललेलं प्रत्येक वाक्य भिंतीपर्यंत जाऊन परत येई, जमिनीवर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, ओल्या रंगावरून सरकणारं ऊन. दोघं नवराबायको स्वयंपाकघरात संसार मांडून राहिले होते. कामावरून आले की राव भिंगरीच्या खोलीत जाऊन उभे राहत. तिथल्या खिडकीतून समोरचं झाड दिसे आणि त्याच्या सावल्या ओल्या भिंतीवर हलत. इथे एक आरामखुर्ची असती तर, असं एकदा त्यांच्या मनात आलं. आलं ते आलं, जाईना.

आता बाईंना दिलेला शब्द मोडायचा रावांचा अजिबात विचार नव्हता. पण स्वप्न बघायला काय जातं? मूळ पेटीत ठेवायचं आणि प्रतीवर प्रयोग करायचे, ही तर खात्याची रीत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक ओळ लिहिली. स्वप्नघर = घर. झाली प्रत. मग स्वप्नघरातल्या भिंगरीच्या खोलीत त्यांनी बैठकीतली आरामखुर्ची आणली, खिडकीपाशी ठेवली. खुर्चीचे पाय कपाटाला लागत होते म्हणून कपाट बाहेर बोळात नेलं. स्वप्नात कपाटाला वजन नसतं. राव पडद्यावरच्या त्या छोट्या चौकोनात जाऊन बसले, झाडाच्या सावल्या अंगावरून हलू लागल्या, आणि शेजारच्या टेबलावरच्यानं हाक मारली तेव्हा जेवणाची सुट्टी संपून बराच वेळ झाला होता.

त्याच संध्याकाळी सहज म्हणून त्यांनी मूळ घर उघडलं. भिंगरीच्या खोलीत आरामखुर्ची! कपाट बोळात! पितळेच्या वजनाला पाय फुटून ते पेटीबाहेर फिरायला गेलेलं दिसतं, तर राव जेवढे हबकले असते तेवढे ते हबकले.

बाईंची धाकटी बहीण प्रोग्रॅमर होती. मेहुणीपुढे अज्ञान कबूल करणं म्हणजे जिवावरचं काम. पण अडला हरी. राव गच्चीवर जाऊन हळू आवाजात तिच्याशी बोलले.

"भाऊजी, तुम्हाला ताई काय हाक मारते?" मेहुणीनं विचारलं.

"अहो."

"मी काय म्हणते?"

"भाऊजी."

"आणि भिंगरी?"

"बाबा. पण याचा इथे काय संबंध?"

"उद्या 'अहो' जिन्यावरून घसरले, तर 'बाबा' लंगडतील की नाही?"

रावांनी क्षणभर विचार केला. "लंगडतील."

"मग तेच झालंय. घर म्हणा नाहीतर स्वप्नघर म्हणा, वस्तू एकच. तुम्ही प्रत केलीच नाहीत, नुसतं दुसरं नाव ठेवलंत. ते बरोबरचं चिन्ह वस्तू उचलून आणत नाही, भाऊजी, ते फक्त तिच्याकडे बोट दाखवतं."

"मग प्रत करायची कशी?"

"महिरपी कंस घाला, आत तीन टिंबं द्या आणि पुढे घर लिहा. पण हां, ही प्रत वरवरची असते बरं का, आतमध्ये जर—"

"कळलं, कळलं," राव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. बायकोच्या धाकट्या बहिणीकडून एका वेळी किती ज्ञान घ्यावं याला काही मर्यादा आहे.

त्यांनी आधी मूळ घर दुरुस्त केलं. आरामखुर्ची काढून बैठकीत ठेवली, कपाट भिंगरीच्या खोलीत परत घातलं. बोळातून ते काढायचं मात्र राहून गेलं, कारण त्याच वेळी चहा आला. मग महिरपी कंस, तीन टिंबं आणि घर. टिंबं फारच मामुली वाटत होती, म्हणून रावांनी निरीक्षकाला शोभेल अशी चाचणी घेतली. घराचा रंग घराच्या नावाशेजारीच, अगदी वरच्या थरात लिहिलेला होता. स्वप्नघराचा रंग त्यांनी निळा केला आणि मूळ घर बघितलं. मूळ पांढरंच! राव समाधान पावले. खात्याचा नियम असा, की तराजूवर एकदा शिक्का मारला की पुढची तपासणी येईपर्यंत त्याच्यावर संशय घ्यायचा नाही. रावांनी मनातल्या मनात शिक्का मारला आणि पुन्हा मूळ घराकडे ढुंकून पाहिलं नाही.

पुढचे दिवस फार गोड गेले. घरात रंगाचा वास, डोकं हलकं हलकं, आणि खिशातल्या फोनमध्ये निळं स्वप्नघर. आरामखुर्ची पुन्हा खिडकीपाशी आली. खोलीत जास्त मोकळं वाटावं म्हणून टेबल स्वयंपाकघरात गेलं. पुस्तकांचा घोडा बैठकीत गेला. पलंग कुठेच बसेना, म्हणून तो अडगळीच्या खोलीत उभा करून ठेवला. खोलीत उरली कोपऱ्यात सरकवलेलं कपाट, खुर्ची, खिडकी आणि राव. किराणा दुकानात काट्याकडे बघताना ते त्या खोलीत असत, बसमध्ये त्या खोलीत असत, बाई बोलत असतानाही त्या खोलीतच असत.

"मी काय म्हणाले आत्ता?" बाई विचारत.

"रंगारी," राव म्हणत. त्या आठवड्यात हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर येई.

शनिवार उजाडला. बाईंची बालवाडी दुपारपर्यंत होती. "जाते मी. सगळं तुमच्या भरवशावर आहे," असं सांगून त्या गेल्या. हमालांचा मुकादम आपली माणसं घेऊन आला, शिट्टीकाका जिन्याच्या वळणावर उभे राहिले, आणि राव भिंतीला पाठ लावून, मूळ घर उघडून, सरकारी आवाजात वाचू लागले. बैठक, सोफा, खिडकीच्या भिंतीपासून एवढे सेंटिमीटर. शिट्टी वाजे, काकांचा हात आडवा होई, सोफा थांबे; हात उभा होई, सोफा सुटे. एका हमालाला काकांनी उलट्या बाजूनं वर आल्याबद्दल परत खाली पाठवलं.

आता इथे कुणीही विचारील, की वाचताना या गृहस्थांच्या काहीच कसं लक्षात आलं नाही? तर नाही आलं. पलंग अडगळीत, टेबल स्वयंपाकघरात, घोडा बैठकीत, हे सगळं त्यांना अगदी ओळखीचं वाटलं. गेले तीन-चार दिवस ते त्याच घरात राहत होते. तंद्रीतल्या माणसाला ओळखीचं ते बरोबरच वाटतं.

खोळंबा झाला तो कपाटाशी. हमालांनी घामाघूम होऊन ते भिंगरीच्या खोलीत लावलं. मग राव बोळाचं सामान वाचू लागले. "बोळ. कपाट."

"कपाट तर आत लावलं, साहेब," मुकादम म्हणाला.

"इथे बोळात लिहिलंय." कपाट बोळात आलं. तंतोतंतपणाची सवय, म्हणून रावांनी भिंगरीची खोली पुन्हा पडताळली. "अरे, इथलं कपाट कुठे गेलं?" कपाट आत गेलं. मग बोळ पडताळला. बोळात कपाट नाही.

तिसऱ्या खेपेला मुकादमानं कपाट दारातच टेकलं आणि त्याच्यावर कोपर ठेवून उभा राहिला. "साहेब, कपाट एक आहे की दोन?"

"कपाट एकच आहे. नोंदी दोन आहेत."

"मग दुसऱ्या नोंदीत मी उभा राहू का?"

काकांनी जोरात शिट्टी फुंकली. दारात कपाट म्हणजे त्यांच्या लेखी चौकात बंद पडलेला ट्रक. "राव, बारा वाजायला आले! तळघर रिकामं झालंय, आता हे हलवा!" शेवटी कपाट बोळात ठेवलं, कारण तो जवळ होता. मुकादम आणि त्याची माणसं निघून गेली. काका मात्र थांबले. अपघातस्थळ सोडून जायचं नाही ही त्यांची शिस्त होती.

आणि बाई आल्या.

त्यांनी पिशवी खाली ठेवली, बोळातल्या कपाटाला वळसा घातला आणि त्या भिंगरीच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. आत पांढऱ्याशुभ्र भिंती आणि खिडकीपाशी एक आरामखुर्ची.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं. बालवाडीत सांडलेल्या रंगाच्या वाटीपुढे विचारतात तसंच विचारलं.

"मी," राव म्हणाले. "म्हणजे प्रोग्रॅमनं. मूळ घरात असं नव्हतं, ही प्रत होती, मी तीन टिंबं—"

"पलंग कुठे आहे?"

"अडगळीत," काका मदतीला आले. "उभा."

बाईंचा बालवाडीचा आवाज गेला. "तिला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही हो," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही तिचा पलंग अडगळीत उभा केलात? तुमच्या मनात होतं ते सांगायचं तरी. मी वेडी, 'तुमच्याकडे' या एका शब्दावरून झुरत बसले. पोरीचं खरंच होतं म्हणायचं."

रावांना फार वाईट वाटलं. सगळं घर नव्या रंगाचं, आणि त्यात आपणच काय तो डाग, असं झालं त्यांना. त्यांनी गच्चीवर जायचं सोडून तिथूनच, सगळ्यांदेखत, मेहुणीला फोन लावला.

सगळं ऐकून ती म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही फोन ठेवलात तेव्हा माझं वाक्य अर्धंच झालं होतं. तीन टिंबांनी फक्त वरचा थर नवा होतो. दारावरच्या पाट्या नव्या, आतल्या खोल्या त्याच. रंग वरच होता म्हणून वेगळा झाला. सामान आत होतं, ते दोन्ही घरांचं एकच राहिलं."

"मग आतपर्यंत वेगळी प्रत होतच नाही का?"

"होते की. स्ट्रक्चर्डक्लोन. एका ओळीचं काम आहे. आतला खिळासुद्धा वेगळा."

"मग आत्ता करतो!"

"कशाची करणार? मूळ तुम्ही पुसलंत. आता स्वप्नाचीच सुबक प्रत निघेल." मग तिचा आवाज मऊ झाला. "ताईला द्या फोन."

बाईंनी फोन घेतला नाही. त्या आरामखुर्चीकडे बघत होत्या. "काय करणार होता तुम्ही इथे? ऑफिस थाटणार होता?"

"नाही गं," राव म्हणाले. काका समोर होते, मेहुणी फोनवर होती, पण आता अब्रू जायची बाकी राहिली नव्हती. "नुसतं बसणार होतो. ती गेल्यापासून संध्याकाळी मला इथे यावंसं वाटतं. तिच्या पलंगावर बसायला जीव होत नाही. उभं तरी किती राहणार? म्हणून खुर्ची आणली. मग खुर्चीला जागा हवी म्हणून एकेक हलवत गेलो. तिथे हलवायला काही लागत नाही ना."

बाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला. आठवून लावू."

आठवायला बसले तेव्हा खरी पंचाईत कळली. फोनमधले जुने फोटो काढले, तर प्रत्येक फोटोत भिंगरीचा चेहरा एवढा मोठा, की मागे पडद्याचं टोक आणि अर्धा दिवा एवढंच दिसे. पलंगाची उशी दाराकडे होती असं बाईंना आठवत होतं, खिडकीकडे होती असं रावांना. काकांनीही ठाम मत दिलं. ते एकदा उंदराच्या मागे त्या खोलीत शिरले होते. पण त्यांना खोली फक्त पलंगाखालून आठवत होती.

"भिंतीपासून किती होता पलंग?" बाईंनी विचारलं.

"होता... हातभर," तंतोतंतराव म्हणाले. एवढं ढोबळ माप त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडलं.

शेवटी बाईंनी डोळे मिटले. दारातून त्या हळूहळू आत चालत गेल्या, रिकाम्या खोलीत एका ठिकाणी थांबल्या, डावीकडे वाकल्या आणि हवेतल्या हवेत पांघरूण सारखं केलं. "इथे," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "इथे तिचे पाय. नेहमी उघडे." रावांनी आणि काकांनी पलंग आणून बरोबर त्या हाताखाली लावला. मग त्या दोन पावलं गेल्या आणि हात वर केला. तिथे घोडा आला. वळल्या आणि कोपर आत घेतलं. तिथे कपाट.

"आता तुम्ही," बाई म्हणाल्या.

रावांनी डोळे मिटले. झोपायला नाही, हे विशेष. त्यांना दिसली ती खोली दारातून दिसणारी. रोज कामावरून आल्यावर ते दारात उभे राहून "काय चाललंय?" विचारत, भिंगरी मान न वळवता "काही नाही" म्हणे, आणि ते तिथूनच परत फिरत. ती असताना ते कधी आत गेलेच नव्हते. दारामागची अर्धी खोली त्यांच्या डोळ्यांपुढे येईना. पण दारातून दिसायची ती तिची पाठ आणि समोरच्या भिंतीला लागलेलं टेबल. "टेबल तिथे," त्यांनी बोट दाखवलं. "ती असं बसायची." टेबल आणि त्याची खुर्ची त्या भिंतीला लागली, आरामखुर्ची बैठकीत गेली. शिट्टीकाकांनी या खेपेला शिट्टी वाजवली नाही.

संध्याकाळी भिंगरी आली. आल्या आल्या "काय रंग दिलाय, वा!" म्हणाली, आईच्या गळ्यात पडली, बाबांच्या पाठीवर थाप मारली, आणि बॅग ओढत खोलीकडे गेली. मागोमाग दोघंही गेले, पण दारातच थांबले. बाईंनी रावांची बाही घट्ट धरली होती.

भिंगरीनं बॅग पलंगावर टाकली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. घोड्यावरून बोट फिरवलं. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"टेबल इथे कसं काय?" ती म्हणाली. "माझं टेबल तर खिडकीपाशी असायचं. कायम. मी झाड बघत अभ्यास करायचे, आठवतंय ना?"

राव सरसावले. या बाबतीत त्यांना तीळमात्र शंका नव्हती. टेबल खिडकीपाशी कधीच नव्हतं, असणं शक्यच नव्हतं. त्या खिडकीची दारं आत उघडतात. तिथे टेबल ठेवलं की खिडकी चार बोटंसुद्धा उघडत नाही. हे मापाचं काम होतं, मतभेदाचं नव्हतं. निरीक्षकानं घसा खाकरला.

त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती तिथे उभी राहून त्या नसलेल्या टेबलापलीकडचं झाड बघत होती, आणि बघताना तिचा चेहरा शाळेतल्यासारखा झाला होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बाईंना सगळं ठाऊक होतं; रोज सकाळी ती खिडकी त्याच उघडत.

"अगं हो!" राव म्हणाले. "बघ की. माझ्या मोजण्यात चूक झाली."

"बाबा, तुमच्या मोजण्यात?"

"झाली खरी."

"उचल गं ती बाजू," बाई लेकीला म्हणाल्या. तिघांनी मिळून टेबल उचललं आणि खिडकीला नेऊन टेकवलं. भिंगरी लगेच खुर्ची ओढून बसली, पाय वर घेतले आणि म्हणाली, "आई, चहा टाक ना. अर्धा कपच." ऑर्डर सोडून ती झाड बघत बसली.

खिडकी तेव्हापासून बंद आहे. त्या खोलीत जरा उकडतं. राव संध्याकाळी तिथे जाऊन बसतात, टेबलापाशी, तिच्या खुर्चीवर. खिडकी उघडायला हवी, असं त्या घरात अजून कुणी म्हटलेलं नाही.